त्रांकीलो कोणाला म्हणतात

४ फेब्रुवारी

ताई,

पोचलो. पेटीही पोचली. तिच्या एका कोपऱ्याला पोचा आलाय, पण तो हमालाने केलाय, मी नाही. अप्पांना आधी हे वाचायला दे, मग बाकीचं. नाहीतर ते पोच्यावरच अडकून बसतील.

काम धुलाईच्या कारखान्यात आहे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, ट्रक भरभरून. मोठाल्या पिंपांत धुतात, मग ओल्या चादरी दोन तापलेल्या रुळांमधून काढतात. पलीकडून निघते ती पापडासारखी कडक आणि चटका बसेल इतकी गरम. ती तशी गरम असतानाच घडी घालावी लागते. एकट्याचं काम नाही. दोन माणसं, दोन-दोन टोकं. झटकायचं, एकमेकांकडे चालत यायचं, आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची, खाली वाकून दुमडलेली कड उचलायची. पुन्हा मागे. दिवसभर हेच. तू पाहशील तर म्हणशील, भिंगरीला शेवटी नाचायला लावलं कोणीतरी.

माझ्या समोर एक म्हातारी असते. सगळे तिला इस्त्रीवालीच म्हणतात, कारण कारखान्यात पहिली इस्त्री आली तेव्हापासून ती इथे आहे. तिची भाषा स्पॅनिश, माझी आपली. पहिल्याच दिवशी मी घड्या घातलेल्या चादरींची चळत ओल्या फरशीवर पाडली. म्हटलं, संपलं, परतीची बोट. पण म्हातारी नुसतं म्हणाली, "त्रांकीलो." नंतर मी धावत जाऊन गाड्यावर आदळलो, तेव्हाही "त्रांकीलो." जेवताना भराभरा गिळत होतो, तेव्हाही. मला वाटलं, माझं नावच पडलं. संध्याकाळी मुकादमाने वहीत लिहायला नाव विचारलं तर मी छाती काढून सांगितलं, "त्रांकीलो!" तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली.

मग म्हातारीने हात करून दाखवलं. दूध वर आलं की आई हात खाली-खाली दाबते ना, बस बाबा बस म्हणून, तस्सं. त्रांकीलो म्हणजे शांत. शांत हो, काही बिघडलं नाही.

ताई, इतक्या लांब येऊन पहिला शब्द शिकलो तो असा. अप्पांना सांग, हसतील.

तुझा भिंगरी


२५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. मी वाचायला देणार कुठे, अप्पांनी माझ्या हातातून ओढूनच घेतलं. पोच्याबद्दल त्यांचा निरोप असा, आणि तो त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा दिला: "बाहेरून ठोकू नको म्हणावं! आतून लाकडी ठोकळा धरायचा आणि हळू! हळू म्हणजे काय ते त्याला कळत असेल तर!" स्वतःला ऐकू येत नाही म्हणून सगळं जग बहिरं, असं त्यांचं आहेच. आयुष्यभर पत्र्याच्या पेट्या ठोकून कान गेले, पण आवाज मात्र हातोडीचाच राहिला.

तुझा शब्द त्यांना फार आवडला. कोपऱ्यावरचा दुकानदार कोणाशी तरी हुज्जत घालत होता, तर हे त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "त्रांकीलो!" त्या माणसाच्या हातातली पिशवीच पडली. आईची मात्र पंचाईत झालीय. तिला अक्षरं येतात ती अप्पांच्या तळहातावर बोटाने लिहून बोलता यावं म्हणून शिकलेली, तेवढीच. "त्र" तिला कधी लागलाच नव्हता. आता तांदूळ निवडताना परातीत बोटाने "त्र" गिरवत बसते आणि मोडते.

तिचा प्रश्न: बाईमाणसालाही त्रांकीलोच म्हणायचं का?

अप्पांना जरा खोकला आहे, थंडीचा. काळजी नको.

भिंगरी, घड्याळाचं दुकान सोडलंस, छापखाना सोडलास, गॅरेजमधून तर दुपारच्या चहाला म्हणून निघालास तो आलाच नाहीस. अप्पा काही बोलले नाहीत तेव्हा. पण या वेळी त्यांनी पेटी स्वतः करून दिली, ती का, ते तुला कळतं. आठ महिन्यांचा करार पुरा कर. सहाव्या महिन्यात कंटाळा आला म्हणून दारात उभा राहू नकोस.

ताई


१९ मार्च

ताई,

आईला सांग, बाईला त्रांकीला. पुरुषाला लो, बाईला ला. इस्त्रीवाली स्वतःशीच बडबडते, "त्रांकीला, त्रांकीला," गुडघे दुखतात तेव्हा.

आता मी या शब्दाचा मास्तर झालोय. शाळेत जमलं नाही ते इथे. ऐक. गल्लीत भांडणं नसतील तर ती गल्ली त्रांकीला, कारण त्यांच्यात गल्ली बाई आहे. समुद्र बरा असेल तर तो त्रांकीलो, कारण समुद्र बाप्या. गिऱ्हाईक नसलेला धंदाही त्रांकीलो, पण ते दुकानदार तोंड पाडून सांगतो. कोणी कोणाला छळत असेल तर म्हणतात, त्याला त्रांकीलो सोड. ज्याने कोणाचं वाईट केलं नाही त्याचं मन त्रांकीला, कारण मनही त्यांच्यात बाई. आणि नुसताच म्हटला तर, उशीर झाला, बशी फुटली, पाऊस आला, चूक झाली, सगळ्याला चालतो. आपल्याकडे "जाऊ दे", "असू दे", "होईल", "घाबरू नको", "दमानं घे", इतके शब्द लागतात. यांचं एकात भागतं.

मुकादम म्हणाला, तुला हा शब्द इतका सांगावा लागतो की तुझ्या पगारातून त्याचं भाडं कापायला पाहिजे.

खोकला गेला का? अप्पांना म्हणावं, गळा झाकून बसा, आणि शेजाऱ्यांना घाबरवणं कमी करा.

पोचा आतून काढला. लाकडी ठोकळा धरून, हळू. आता हात फिरवला तरी कळत नाही.

भिंगरी


१३ एप्रिल

प्रिय भिंगरी,

सगळं ठीक आहे. अप्पा त्रांकीलो, आई त्रांकीला, मी त्रांकीला. बरोबर लिहिलं ना मास्तर?

अप्पांची खाट आता खिडकीपाशी हलवलीय. तिथे उजेड चांगला, आणि रस्ता दिसतो. मोठी हातोडी त्यांनी लोहाराच्या मुलाला देऊन टाकली. म्हणाले, तिला गंज चढेल. घर कसं शांत-शांत झालंय. मला कधी वाटलं नव्हतं की ती ठोकाठोक आठवेल.

पोचा निघाल्याचं वाचून फार खूष झाले. मला पेटीसारखा हात करून दाखवला, आतून, हळू, आणि मान हलवली.

खोकला आहे थोडा. औषध चालू आहे. तू त्याचा विचार करत बसू नकोस, त्रांकीलो राहा. काम नीट कर. मशीनपाशी असतोस, लक्ष ठेव.

आईला "त्र" जमला.

ताई


१२ मे

ताई,

पत्राला उशीर झाला. काम फार. अक्षर वाकडं आलंय ते खाटेवर पडून लिहितोय म्हणून, आणि माझ्या खोलीतला सोबती घोरतो तेव्हा खाट हलते.

इथे सगळं त्रांकीलो. उन्हाळा लागला. कारखान्यात वाफ इतकी की समोरचं माणूस ढगातून आल्यासारखं दिसतं. इस्त्रीवालीशी माझी आता चांगलीच जोडी जमलीय. मी चादरीचं एक टोक दातात धरतो, तिला हसू आवरत नाही. म्हणते, इतकी वर्षं काम केलं, पण माझ्यासमोर कधी कुत्र्याचं पिल्लू उभं नव्हतं केलं कोणी.

अप्पा आता खिडकीतून कोणाकोणावर ओरडतात? मोठी हातोडी देऊन टाकली हे काही मला आवडलं नाही. मी आल्यावर शिकणार होतो. हसू नकोस, खरंच.

करार पुरा करणार आहे. अप्पांना सांग, भिंगरी पळाली नाही.

भिंगरी


१ जून

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं. अप्पांनी स्वतः वाचलं, मग खिडकीशी धरून पुन्हा वाचलं, मग आईला दाखवलं, जसं काही तिला अख्खं पत्र वाचता येतं.

इकडे सगळं त्रांकीलो आहे. तू त्रांकीलो राहा. आई त्रांकीला आहे. काही काळजी करू नकोस.

अप्पांनी निरोप सांगितलाय, तसाच लिहिते: "भिंगरीला लिही, त्रांकीलो. पेटी उचलायची घाई करू नको म्हणावं."

ताई


२३ जून

ताई,

तुझं पत्र चार ओळींचं. तू कधी चार ओळी लिहिल्यास? दुकानात दोऱ्याची रिळं आणायला गेलीस तरी परत येऊन चार पानांचं सांगतेस.

मी ते पत्र इस्त्रीवालीला दाखवलं. तिला आपली अक्षरं येत नाहीत, पण मी बोट ठेवून दाखवलं, हा बघ तुझा शब्द, आणि हा, आणि हा. मला वाटलं, खूष होईल. तिने घडी खाली ठेवली. म्हणाली, घरी कोण आजारी आहे? मी म्हटलं, कोणी नाही, सगळे त्रांकीलो, लिहिलंय ना. ती म्हणाली, अरे, शांत माणसाला कोणी त्रांकीलो म्हणत नाही. झोपलेल्या बाळाला कोणी झोप म्हणतं का?

ताई, मी मास्तर म्हणवत होतो, आणि एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला पहिल्या दिवशी हा शब्द कधी मिळाला? चादरी पाडल्या तेव्हा. आदळलो तेव्हा. जेव्हा-जेव्हा मिळाला तेव्हा काहीतरी पडलेलं, फुटलेलं होतं.

आणि आता माझं ऐक. एप्रिल संपताना चादरीचं टोक रुळात अडकलं. मशीन बंद करायचं असतं. मला तेवढा धीर कुठला, हात घातला. उजवा. म्हातारीने लाल दांडा ओढला म्हणून मनगटापाशी थांबलं. इस्पितळात मला ज्या चादरीवर निजवलं ती आमच्याच कारखान्याची होती, कदाचित मीच घडी घातलेली. डॉक्टर सुई घेऊन आला आणि म्हणाला, "त्रांकीलो." तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण त्याच्यानंतर जे दुखलं ते मी सांगत नाही. हाडांत तारा घातल्यात, बोटं अजून मिटत नाहीत. डाव्या हाताने लिहितो. सोबती घोरतो हे खरं आहे, पण खाट हलत नाही. तारा काढेपर्यंत डॉक्टर प्रवासाला सोडत नाहीत. नाहीतर मी आत्ता या कागदाऐवजी दारात असतो.

तुम्हाला कळवलं नाही, कारण अप्पांना वाटलं असतं, पुन्हा अर्धवट सोडून आला.

पण एक कोडं सुटत नाही. मी तर सगळं ठीक लिहिलं होतं. मग अप्पांनी मला तो शब्द का पाठवला?

दुकानदाराकडे फोन लावला. "सगळं बरं आहे, बरं आहे," म्हणाला आणि ठेवला. ज्या माणसाला गिऱ्हाइकाशी अर्धा तास भांडल्याशिवाय चैन पडत नाही, तो असा ठेवतो?

ताई, खरं लिही. अप्पा कसे आहेत?

भिंगरी


१४ जुलै

माझ्या भिंगरी,

तुझं पत्र घेऊन मी आधी शिलाईच्या दुकानात माझ्या मशीनपाशी जाऊन बसले, घरात वाचायचा धीर होईना म्हणून.

अप्पा गेले. नऊ जूनला, दुपारी. तुझं पत्र लिहून व्हायच्या आधीच. तुला कळवायला रोज कागद पुढ्यात घ्यायचे, पत्र पुरं होईना.

खोकला थंडीचा नव्हता. फेब्रुवारीतच डॉक्टरांनी छातीचं सांगितलं होतं. पत्र्याची धूळ, आम्लाचा वास, जन्मभराचं. तुला कळवलं असतं तर तू त्याच दिवशी काम टाकून निघाला असतास, हे मला माहीत होतं, आणि मला ते नको होतं. मला वाटलं, पावसाळा संपेपर्यंत तरी आहेत, तोवर तुझा करार पुरा होईल, येशील, भेटशील. माझा हिशेब चुकला. दुकानदारालाही मीच बजावून ठेवलं होतं. माझ्या तोंडून फोनवर खोटं निघालं नसतं, म्हणून मी फोनपाशी गेलेच नाही. कागदावर निघालं. तुझा शब्द मला फार सोयीचा पडला रे. काही लिहायचं नसलं की तोच लिहायचा.

पण मेमध्ये माझा विचार बदलला होता. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी ठरवलं होतं की आता तुला बोलवून घ्यायचं. अप्पांना तसं तळहातावर लिहिलंही. ते हो म्हणाले. मुलाला बघायचंय म्हणाले, आणि ओरडून नाही, नेहमीच्या माणसासारखं म्हणाले. त्यांच्यात तेवढाच आवाज उरला होता.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मला जवळ बोलावून एक ओळ दाखवली. चादरीचं टोक दातात धरतो. मी हसले. म्हटलं, आहेच तो तसा. ते म्हणाले, "दातात का धरतो? हात काय झाले?"

मग कागद खिडकीशी धरून अक्षरं दाखवली. सगळी उलट्या बाजूला कललेली. म्हणाले, "उजवा हात दुखावलाय त्याचा. बराच. आता बोलावू नका. एका हाताने पेटी कशी उचलेल, बोटीवर कसा चढेल? निघाला तर हात कायमचा घालवून बसेल. तो थांबायचा नाही, तुम्हाला माहीत नाही का तो?" मी भांडले त्यांच्याशी. तळहातावर लिहून-लिहून भांडले. त्यांनी हात मागे घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला. तेव्हा माझं बोलणंच संपलं. मग तो निरोप सांगितला, तो मी तुला तसाच लिहिला.

म्हणून पाठवला तो शब्द. तुझं कोडं हेच.

शेवटच्या दुपारी त्यांना धाप लागली होती. हात हवेत काहीतरी शोधत होते, हातोडी असेल किंवा तू. आईने त्यांचा तळहात ओढून मांडीवर घेतला आणि लिहायला लागली. त्रांकीलो. "त्र" काढायला तिला वेळ लागतो अजून. मला वाटलं, इतका वेळ ते हात ठेवणार नाहीत. पण त्यांनी ठेवला. शेवटचा "लो" झाला आणि त्यांनी मूठ मिटली. नंतरही ती मिटलेलीच होती. आईने कोणाला उघडू दिली नाही.

भिंगरी, तुझ्यापासून त्यांना मी लांब ठेवलं, आधी माझ्या मनाने, मग त्यांच्या. तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी वाचेन.

ताई


५ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र कारखान्यातच मिळालं. कपडे बदलायच्या खोलीत वाचलं. नंतर भिंतीला डोकं लावून उभा होतो तर मुकादम आला, बघितलं, आणि दार लोटून बाहेरच उभा राहिला, दुसरं कोणी येऊ नये म्हणून.

तुला काय म्हणू? तू खोटं लिहिलंस, मीही लिहिलं. माझं अप्पांनी पकडलं, तुझं मी पकडलं नाही. ते माझ्यापेक्षा चांगले वाचक होते, एवढंच. मी एक ओळ गंमत म्हणून लिहिली नसती, तर तू बोलावलं असतंस, मी हात गळ्यात बांधून आलो असतो, आणि ते खिडकीतून ओरडले असते, पोचा कुठे होता दाखव. हे मी रोज मनात करतो. पेटी दाराशी ठेवतो. ते कोपऱ्यावरून हात फिरवतात. त्याच्या पुढे मला जाता येत नाही.

कधी तुझा राग येतो, फार येतो. मग आठवतं की त्या सगळ्या दिवसांत घरात तूच होतीस.

इस्त्रीवालीला सांगितलं. माझे बाबा गेले, एवढं तिच्या भाषेत मला येतं. मी वाट बघत होतो की आता ती म्हणेल. ताई, ती म्हणाली नाही. फरशीवर चादर पडली की म्हणणारी बाई, तिने तोंड उघडलं नाही. रुळातून चादर आली, तिने तिची दोन टोकं धरली आणि थांबली. मी एक डाव्या हातात घेतलं, एक दातात. आम्ही संध्याकाळपर्यंत घड्या घातल्या. प्रत्येक वेळी जवळ आलो की ती टोकं घेताना माझ्या दुखऱ्या हाताला नुसता हात लावायची आणि मागे जायची. तेवढंच.

तारा पुढच्या महिन्यात काढतील. मग बोटं मिटायची शिकायची. डॉक्टर म्हणतो, सगळी मिटतीलच असं नाही. करारही त्याच सुमारास पुरा होतोय. मुकादमाने आणखी एक वर्ष विचारलं, मी नको म्हटलं. हे सोडून पळणं नाही, हे संपवून येणं आहे, अप्पांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता मला तो शब्द लिहू नकोस. आई रडत असेल तर आई रडते असं लिही. जेवत नसेल तर जेवत नाही असं लिही.

आणि एक विचारायचं होतं. अप्पांच्या खाटेवरची चादर धुतलीत का? धुतली असेल तर आईला एकटीने घडी घालू देऊ नकोस. ती हनुवटीखाली धरून घालते, मला माहीत आहे, आणि घडी वाकडी होते. तशीच राहू दे, खाटेवरच, खिडकीपाशी. दोन टोकं आई धरेल. पलीकडची दोन मी धरीन, एक डाव्या हातात, एक दातात.

भिंगरी